पिकअपचं इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग: चालतं कसं, अडतं कुठे, तपासायचं कसं

पिकअपचं इलेक्ट्रिक स्टेअरिंग जड झालं की पहिला संशय रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्यावर, जातो, आणि नेमका तोच सगळ्यात महागडा भाग. खरं तर बॅटरी, अर्थची वायर, टायरमधली हवा आणि रॅकच्या टोकांवरची रबरी आवरणं (बूट) एवढं नीट पाहिलं, तर पुष्कळशा तक्रारी तिथेच मिटतात. असं का, ते यंत्रणा समजल्याशिवाय पटत नाही. म्हणून आधी ती समजून घेऊ.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे?

बॉनेट उघडा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा स्टेअरिंगचा पंप आणि झाकणावर स्टेअरिंगचं चिन्ह असलेली तेलाची छोटी टाकी दिसली, तर स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, आहे आणि पुढची बरीचशी माहिती तुमच्या कामाची नाही. भारतात विकल्या गेलेल्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या हायड्रॉलिकवाल्या. छोट्या मालवाहू पिकअपमध्ये टाटा इंट्रा २०१९ मध्ये इलेक्ट्रिक स्टेअरिंग घेऊन आली. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्ये फोर्ड एफ-१५० ने २०११ च्या मॉडेलपासून, रॅम १५०० ने २०१३ पासून, शेव्हर्ले सिल्व्हराडो १५०० ने २०१४ पासून आणि टोयोटा टुंड्राने २०२२ पासून ही पद्धत स्वीकारली. फोर्ड रेंजरमध्ये ती २०१५ च्या सुधारित आवृत्तीत आली.

सुझुकीने सर्व्हो या छोट्या कारमध्ये इलेक्ट्रिक स्टेअरिंग १९८८ मध्येच बसवलं होतं. मग पिकअपला दोन दशकं जास्त का लागली? कारण लागणारा जोर. गाडी उभी, जमीन कोरडी, पुढे इंजिनाचं वजन आणि रुंद टायर. अशा वेळी पूर्ण आकाराच्या पिकअपचा रॅक सरकवायला साधारण १२ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १२०० किलोचा जोर लागू शकतो. छोट्या कारचं काम त्याच्या निम्म्यात भागतं.

हा आकडा हातापर्यंत आणून पाहू. हातातल्या स्टेअरिंगच्या चाकाच्या (पुढे नुसतं ‘चाक’) एका फेऱ्याला रॅक साधारण ५० मिलिमीटर सरकतो असं धरलं, तर १२ किलोन्यूटनसाठी चाकावर सुमारे ९५ न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागेल. चाकाची त्रिज्या १९ सेंटिमीटर असेल, तर कडेला जवळपास ५० किलोची ओढ झाली. प्रत्यक्षात चालकाला ३ ते ५ न्यूटन-मीटरच द्यावे लागतात, म्हणजे कडेला दोन-अडीच किलो. उरलेलं सगळं मोटर करते. म्हणूनच मदत बंद पडल्यावर गाडी उभी असताना चाक हलता हलत नाही. चाक आणि रॅक यांचा लोखंडी सांधा मात्र तसाच असतो, त्यामुळे स्टेअरिंग सुटत नाही. जोर लावून गाडी वळवता येते.

आतलं काम

चाकाचा दांडा रॅकवरच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चक्राला, जिथे भेटतो, तिथे एक बारीक पीळदांडी असते. तुम्ही चाक फिरवता तेव्हा टायर अडून बसलेले असतात, त्यामुळे ही दांडी काही अंशांनी पिळते. शेजारचा टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो. किती जोर लावला आणि कोणत्या दिशेने, हे कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, त्यावरूनच कळतं. सेन्सरला एकमेकांवर नजर ठेवणारे दोन मार्ग असतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये दोन्ही मार्ग मधल्या स्थितीत बहुधा अडीच व्होल्ट दाखवतात. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की कंट्रोलर मदत बंद करतो, कारण चुकीच्या बाजूला जोर देण्यापेक्षा जोर न देणं बरं.

कंट्रोलर आणखी तीन गोष्टी बघतो: गाडीचा वेग, चाकाचा कोन आणि मोटरच्या रोटरची जागा. वेग कमी तेवढी मदत जास्त, वेग वाढला की मदत कमी. वळण संपल्यावर चाक मध्यावर आणणं आणि वेगात चाक डुलू न देणं हेही त्याच्याकडेच.

मोटर कुठे बसवली आहे त्यावरून दोन मुख्य प्रकार पडतात. छोट्या गाड्यांत ती केबिनमध्ये, स्टेअरिंगच्या कॉलमवर (चाकाखालच्या दांड्याच्या नळीवर) असते आणि वर्म गिअरमधून, म्हणजे आटेदार दांडी आणि दातेरी चाकाच्या जोडीतून, दांड्याला जोर देते. मोठ्या पिकअपमध्ये एवढा जोर कॉलममधून खाली पाठवणं परवडत नाही, म्हणून मोटर थेट रॅकच्या बाजूला, रॅकला समांतर बसते. मोटरच्या छोट्या पुलीवरून दातेरी पट्टा मोठ्या पुलीवर जातो. ती पुली एका नटाला पक्की असते. रॅकच्या त्या भागावर आटे कोरलेले असतात आणि नट व आटे यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. नट गोल फिरतो, रॅक सरळ सरकतो. तुमच्या एका फेऱ्यात मोटरचे साधारण २० फेरे होतात. गोळ्यांमुळे घर्षण नगण्य, पण पाणी किंवा धूळ आत गेली की पहिला मार याच गोळ्यांना बसतो.

या यंत्रणेत तेल नसतं. कोणी तेल भरायला सांगितलं तर तेल नेमकं कुठे भरायचं ते दाखवायला सांगा. तेलाची टाकी आणि विजेवर चालणारा पंप असेल, तर तो तिसरा, इलेक्ट्रो-हायड्रॉलिक प्रकार.

एक लपणारी गोष्ट

काही गाड्यांमध्ये, एफ-१५० त्यांपैकी एक, गाडी एका बाजूला ओढत असेल तर कंट्रोलर ते ओळखतो आणि उलट बाजूला हलका जोर देत राहतो. उतरत्या कडेचा रस्ता किंवा आडवा वारा असेल तर चालकाला आराम मिळतो. पण अलाइनमेंट (पुढच्या चाकांचे कोन) बिघडलेली असली तरी गाडी सरळच चालल्यासारखी वाटते. हाताला काही कळत नाही, टायरला कळतं. म्हणून इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या पिकअपमध्ये अलाइनमेंटचा अंदाज चाकावरून बांधू नका. पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर हात फिरवा. एक कडा जास्त घासलेली किंवा करवतीच्या दात्यांसारखी लागली, तर अलाइनमेंट करून घ्या.

वीज, वीज आणि वीज

वर धरलेला १२ किलोन्यूटनचा जोर आणि सेकंदाला एक फेरा, असा हिशेब केला तर रॅकवर ६०० वॅट लागतात. मोटर, पट्टा आणि तारा यांतली घट धरून बॅटरीकडून ८०० वॅटच्या वर ओढले जातात. १२ व्होल्टला हे ७० अँपिअर झाले, म्हणजे हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपर यांच्या एकत्र भारापेक्षाही जास्त. म्हणूनच या यंत्रणेला स्वतंत्र जाड वायर आणि गाडीनुसार ६० ते १२५ अँपिअरचा मोठा फ्यूज असतो.

आता याच वायरवर कुठेतरी हिरवट गंज चढला आहे असं धरा. तिथे ५ मिलिओहमचा अडथळा असेल तर ७० अँपिअरला ०.३५ व्होल्ट पडतात, फारसं काही जाणवत नाही. अडथळा ५० मिलिओहम झाला की साडेतीन व्होल्ट पडतात. अल्टरनेटर १४ देत असला तरी कंट्रोलरपर्यंत साडेदहाच पोचतात. साधारण ११ व्होल्टच्या खाली बहुतेक यंत्रणा मदत कमी करायला लागतात आणि ९ च्या आसपास ती बंदच करतात. गाडी उभी असताना, चाक न फिरवता मीटर लावला तर मात्र सगळं ठीक दिसतं, कारण प्रवाहच वाहत नसतो. विजेचा दोष असूनही रॅक बदलला जातो, तो इथेच फसून.

कंपन्यांनाही हे भोगावं लागलं आहे. जनरल मोटर्सने २०१८ मध्ये अमेरिकेत २०१५ च्या मॉडेलच्या सिल्व्हराडो १५००, सिएरा १५०० आणि त्याच कुळातल्या एसयूव्ही मिळून दहा लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. व्होल्टेज खाली गेलं की मदत क्षणभर जायची आणि एकदम परत यायची, विशेषतः कमी वेगाच्या वळणावर. उपाय होता कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलणं. यातला धोका ओळखून ठेवा: मदत गेली म्हणून तुम्ही पूर्ण ताकद लावता, तेवढ्यात ती परत येते आणि चाक झटक्याने फिरतं. वळणावर स्टेअरिंग अचानक जड झालं तर आधी वेग कमी करा, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरा आणि ते हळूहळू फिरवा.

तपासणी, याच क्रमाने

हत्यारं थोडीच लागतात: डिजिटल मल्टिमीटर, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, हवेचा गेज, जॅक व स्टँड, आणि भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा. क्लॅम्प मीटर घेताना नीट बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी प्रवाह मोजतात, ते इथे निरुपयोगी.

१. पुढच्या टायरची हवा थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करा. मूळ मापापेक्षा मोठे टायर किंवा बाहेर निघालेली रिम बसवली असेल तर त्याची नोंद ठेवा, कारण त्यामुळे रॅकवरचा भार कायमचा वाढतो.

२. इंजिन बंद करून काही तास गेले की बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. स्टार्टर मारताना ती ९.६ च्या खाली घसरली तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा, आणि तरीही घसरली तर बदला. मगच पुढे जा.

३. इंजिन सुरू करून हेडलाइट आणि एसी लावा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांचे संगणकावर चालणारे अल्टरनेटर मधूनमधून कमीजास्त देतात, म्हणून दोन-तीन मिनिटं आकडा पाहत राहा.

४. आता खरी चाचणी. गाडी कोरड्या सपाट जमिनीवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीच्या शिशावरच टेकवा, तिच्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नको. काळी सुई स्टेअरिंगच्या कनेक्टरच्या पॉझिटिव्ह पिनवर मागच्या बाजूने घाला. वायरचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. मदतनिसाला चाक हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त आला तर दोष त्या वायरमध्ये, फ्यूजच्या बैठकीत किंवा बॅटरीच्या टर्मिनलमध्ये आहे.

५. तीच चाचणी अर्थच्या बाजूने करा: एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी कनेक्टरच्या अर्थ पिनवर. इथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून धातू चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

६. या वेळी क्लॅम्प मीटर जाड वायरवर असू द्या. प्रवाह भरपूर वाहतो आहे आणि तरी चाक जड आहे, असं दिसलं तर मोटर काम करते आहे आणि काहीतरी यांत्रिक अडतं आहे. प्रवाहच वाहत नसेल तर कंट्रोलरने मदत रोखली आहे. तेव्हा स्कॅनरने दोषाचे कोड वाचा.

७. ताणकाटा चाकाच्या कडेला बांधून कडेच्या रेषेत ओढा. गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना दोन-तीन किलोच्या आसपास ओढ पुरली तर मदत ठीक आहे. डावी-उजवीकडचे आकडे लिहून ठेवा. दोन्हींत मोठा फरक असेल तर टॉर्क सेन्सरचा शून्य सरकलेला असू शकतो.

८. पुढचा भाग जॅकवर घ्या, स्टँड लावा, इंजिन बंद ठेवा आणि स्टेअरिंग लॉक सुटेल एवढी चावी फिरवा. चाक हळू फिरवा. मोटर सोबत फिरते म्हणून थोडं जड लागेल, पण टोकापासून टोकापर्यंत सारखं लागलं पाहिजे. एखाद्या जागी खडखड किंवा अटकाव जाणवला तर रॅकचे आटे, गोळ्या किंवा बेअरिंग, नाहीतर कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांड्यातला वाकणारा सांधा. जॉइंट आधी वेगळा करून पाहा, तो रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त. त्यानंतर पुढचं टायरचं चाक घड्याळाच्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. ढिलेपणा असेल तर दोष टाय रॉडच्या (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांडीच्या) टोकांत.

कोड वाचायला इंजिनापुरतं चालणारं साधं यंत्र पुरत नाही. चासी आणि संपर्काचे कोड दाखवणारा स्कॅनर लागतो. यू ०१३१ म्हणजे स्टेअरिंगच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला, यू ०१२६ म्हणजे कोनाच्या सेन्सरशी, यू ०१२१ म्हणजे एबीएसशी, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेशी. फोर्डमध्ये यू ३००३ च्या पुढे १६ आला तर व्होल्टेज कमी पडलं होतं. अशा कोडचा पत्ता बहुधा वायरिंगकडे जातो, रॅककडे नाही. यू ०१२१ मध्ये स्टेअरिंग निर्दोष असतं. वेगाची माहिती येईनाशी झाली, एवढंच.

दोष नसतानाचं जडपण

अरुंद गल्लीत किंवा बाजार समितीच्या आवारात पुन्हा पुन्हा पुढे-मागे करत चाक टोकापर्यंत मारलं की मोटर आणि कंट्रोलर तापतात. मग कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मदत हळूहळू कमी करतो. काही मिनिटं गाडी तशीच ठेवली की मदत परत येते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फक्त चाक टोकाला नेऊन तिथे दाबून धरू नका. तिथे रॅक सरकत नाही, तरी प्रवाह पुरेपूर वाहतो आणि सगळी वीज उष्णतेत जाते. चाक टोकाला लागलं की पाव फेरा मागे घ्या. आणि शक्य तेव्हा गाडी किंचित सरकती ठेवून चाक फिरवा. टायर फिरता असला की लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो.

बूट आणि पाणी

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीदार रबरी बूट असतात. त्यांना लहानशी चीर गेली तरी रॅक आत-बाहेर होताना पाणी आणि चिखल आत ओढला जातो. मग आटे गंजतात, गोळ्या खरवडतात, पट्टा घसरतो आणि वळताना घरघर किंवा करकर येते. पाणी कंट्रोलरच्या बाजूला पोचलं तर मदत कायमची जाते. कोकणातली खारी हवा आणि सततचा पाऊस, ओढ्यातून काढलेली गाडी, शेतातला चिखल, या सगळ्यांत बूट हीच पहिली आणि शेवटची भिंत. दर सर्व्हिसला चाक दोन्ही टोकांना नेऊन बुटाच्या घड्या उघडून बघा आणि क्लॅम्प जागेवर आहेत का ते पाहा. बूट फाटला पण आत कोरडं आणि ग्रीस स्वच्छ असेल, तर नवा बूट घालून भागतं. आत तांबूस पाणी किंवा गंजाची भुकटी दिसली तर नवा बूट घालण्यात अर्थ नाही. गंजलेले आटे पुसून बरे होत नाहीत, रॅक बदलावाच लागतो. धुलाईच्या वेळी उच्च दाबाचा फवारा बुटाच्या कडेवर आणि कनेक्टरवर मारू देऊ नका.

कॉलमवाल्या गाड्यांत

इथे मोटर केबिनमध्ये कोरडी असते, पाण्याची भीती कमी. त्रास वेगळा असतो. मोटर आणि वर्म यांच्यामधली रबरी किंवा प्लॅस्टिकची छोटी कपलिंग वयानुसार चुरते आणि चाक थोडं इकडे-तिकडे केलं तरी टकटक येते. ती कपलिंग सुटी मिळते आणि किंमतही फार नसते. आख्खा कॉलम बदलायला सांगितलं तर आधी तीच उघडून बघायला लावा. वर्म गिअरचं चाक नायलॉनचं असतं. ते झिजलं की मधल्या जागेत ढिलेपणा येतो आणि मग मात्र कॉलमच बदलावा लागतो.

रॅक बदलावाच लागला तर

नवा रॅक बसवला, वायर जोडली आणि काम झालं, असं होत नाही. कंट्रोलर रॅकवरच असल्यामुळे त्यात तुमच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर भरावं लागतं. भंगारातून आणलेला रॅक बोल्टला बसतो, पण दुसऱ्या मॉडेलचं सॉफ्टवेअर असेल तर डॅशबोर्डवरचा स्टेअरिंगचा इशारा-दिवा विझत नाही किंवा मदत चुकीची मिळते. बसवल्यावर आधी अलाइनमेंट करा, मग चाक सरळ ठेवून कोनाच्या सेन्सरचा शून्य. त्यानंतर सपाट जागी, चाकाला हात न लावता टॉर्क सेन्सरचा शून्य. मग चाक दोन्ही टोकांना नेऊन टोकं शिकवणं. हा क्रम उलटा झाला तर वाकड्या चाकालाच गाडी सरळ समजते. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्यांत दिवा लागतो. चाक एकदा दोन्ही टोकांना नेलं आणि सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवलं की तो बहुधा जातो.

हौदा बनवताना किंवा चासीला पट्टी मारताना वेल्डिंग होतंच. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, शक्य असेल तर स्टेअरिंगचा कनेक्टरही, आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या जागेला लागूनच लावा. ती दूर लावली तर वेल्डिंगचा प्रवाह स्टेअरिंगच्या अर्थमधून वाट काढतो. जादा दिवे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्यालाही आधीच बजावा: स्टेअरिंगच्या अर्थच्या बोल्टखाली दुसरी कोणतीही वायर घालायची नाही.